जुन्या वास्तूतील नवा दवाखाना

पणजीतील जुन्या वैद्यकीय महाविद्यालयाची इमारत आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. १८४२ साली स्थापन झालेल्या एस्कोला मेडिकाचा वारसा सांगणाऱ्या या परिसराचे, २००४ साली आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात आला तेव्हा, नूतनीकरण झाले. याच आवारातील माकिनेझ पॅलेसमध्ये पुढे गोवा मनोरंजन सोसायटीचे कार्यालय थाटले गेले. जुनी वास्तू एक तर पाडावी किंवा तिचे संग्रहालय करावे, असे दोनच मार्ग नसतात हे त्यावरून कळते. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र एवढा भव्य नाही. वडिलोपार्जित घराच्या पुढच्या भागात दवाखाना चालवणारे व्यावसायिक आपल्यात बरेच आहेत; हे विवेचन त्यांच्यासाठी.

अशा घरात पाऊल टाकताच कंत्राटदार बहुधा एकच औषध लिहून देतो : खाली प्लास्टरचे खोटे छत, बंद काचा आणि प्रत्येक खोलीत एसी. ते घेण्यापूर्वी पेरू देशाची राजधानी लिमा येथील एक अभ्यास वाचावा. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आठ रुग्णालयांतील सत्तर खोल्यांचे वायुवीजन मोजले गेले. पन्नास वर्षांहून जुन्या, उंच छताच्या व मोठ्या खिडक्यांच्या खोल्यांत तासाला सुमारे चाळीस वेळा हवा बदलत होती. नव्या पद्धतीच्या, खिडक्या उघडणाऱ्या खोल्यांत सतरा वेळा. क्षयाच्या संसर्गाचा अंदाजित धोकाही जुन्या खोल्यांत स्पष्टपणे कमी होता. खोकणारी वीस मुले एकाच प्रतीक्षागृहात बसवणाऱ्या आम्हा बालरोगतज्ज्ञांना याहून मोलाचे उपकरण विकत मिळणार नाही. आणि त्याला वीजही लागत नाही.

पावसाळ्यात खिडक्या उघड्या कशा ठेवणार? त्याची सोय जुन्या गवंड्यांनी करून ठेवली आहे. लांब उतरलेल्या पागोळ्या, लाकडी झडपा आणि पुढचा बाल्कांव किंवा सोपा यांमुळे पाऊस बाहेर राहतो व वारा आत येतो. प्रतीक्षागृह शक्यतो सोप्यातच करावे. दगडी बैठका तयारच असतात. मी एसीचा शत्रू नव्हे. मे महिन्यात तपासणीच्या खोलीत तो जरूर लावावा, पण एवढ्याच खोलीत.

भिंतींबाबत अधिक सावध राहावे लागते. चिऱ्याचा दगड पाणी शोषतो आणि चुन्याच्या गिलाव्यातून ते पुन्हा वाफेच्या रूपाने सोडून देतो. त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, वर चढते आणि रंगाचे पोपडे सुटून बुरशी धरते. दम्याच्या बालकाला तपासायला बुरशीच्या भिंतीशेजारी झोपवावे, ही विसंगती नाही का? चुना महाग पडतो, कारागीरही शोधावे लागतात. तरी तो लावावा.

जुन्या रंगाविषयी आपल्या व्यवसायात पुरेशी जागरूकता नाही, असे माझे मत आहे. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षात नव्वद भागांवर आणणारा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आला. त्यापूर्वी रंगवलेल्या दारे-खिडक्यांत शिसे असण्याचा संभव गृहीत धरावा. त्या कोरड्या घासू नयेत. त्या धुळीतील शिसे रांगत्या मुलाच्या हातातून पोटात जाते आणि त्याच्या मेंदूवर होणारा परिणाम पुसता येत नाही. रंगाचा तुकडा प्रयोगशाळेत तपासून घ्यावा, खरवडताना पृष्ठभाग ओला ठेवावा आणि काम चालू असेपर्यंत दवाखाना बंद ठेवावा. उत्पन्न बुडेल, हे खरे.

विजेचा हिशेब त्यामानाने सोपा. पंचाहत्तर वॅटच्या साध्या पंख्याऐवजी तिसेक वॅटचे बीएलडीसी पंखे घेतले, की तेवढाच वारा निम्म्याहून कमी विजेत मिळतो. सौरविजेचा पहिला हक्क लशींच्या शीतकपाटाचा. दोन ते आठ अंशांची मर्यादा मान्सूनमधील खंडित पुरवठ्याला ठाऊक नसते, म्हणून त्याला बॅटरीची जोड द्यावी. पट्ट्या शक्यतो मागच्या उतारावर बसवाव्यात. रस्त्यावरून दिसणारी कौले तशीच राहतात. तो उतार उत्तरेकडे असेल, तर परसातील न्हाणीघराची गच्ची पाहावी. तिथे माडाची सावली पडत असेल, तर पट्ट्या हलवाव्यात, माड नव्हे.