हत्तीची सोंड आणि राजाचा रुपया

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मराठी घरात चौरंगावर लाल वस्त्र अंथरले जाते, त्यावर तांदळाची रास मांडली जाते आणि डबीत जपून ठेवलेला चांदीचा रुपया बाहेर निघतो. घर पुण्यात असो, बेळगावात असो, वा नोकरीनिमित्त चेन्नईच्या पेरुंगुडीत थाटलेले असो. आजीने दिलेला तो रुपया कुटुंबासोबत प्रवास करतो. वर्षातला उरलेला काळ त्याचा मुक्काम बहुधा बँकेच्या लॉकरमध्ये असतो. पूजा आटोपली की घरातला एखादा तरुण हमखास विचारतो, ‘‘याची आज किंमत किती?’’

त्या रुपयावर 1911 हे साल असेल, तर या प्रश्नाचे उत्तर केवळ सराफाच्या तराजूत मिळणार नाही.

तोळाभर चांदी

ब्रिटिश अमलाखालील हिंदुस्थानात एकसारखा रुपया आला तो 1835 मध्ये. त्यापूर्वी प्रांतोप्रांती निरनिराळे रुपये चालत आणि त्यांची अदलाबदल करताना सराफ बट्टा आकारीत. ज्या शहरात आज पेरुंगुडी मोडते, त्या मद्रासेत कंपनी सरकार अर्काटच्या नावाचे रुपये पाडीत असे. मद्रासची टांकसाळ 1869 मध्ये बंद झाली. जॉर्ज टाऊनमधील मिंट स्ट्रीट या रस्त्याने तिचे नाव मात्र आजही राखले आहे.

नव्या रुपयाचे वजन 180 ग्रेन, म्हणजे 11.66 ग्रॅम ठरले. बारा भागांत अकरा भाग चांदी आणि एक भाग हीण, असे त्याचे प्रमाण होते. हे वजन बरोबर एक तोळ्याचे. त्यामुळे रुपया हे नाणेही होते आणि वजनही. ‘रुपयाभार’ हा शब्द मराठीत रुळला तो यामुळेच. यंत्रावर घडलेला म्हणून तो ‘कलदार’, मोड न झालेला म्हणून ‘बंदा’, आणि फरशीवर टाकताच खरेपणाची साक्ष देणारा म्हणून ‘खणखणीत’. एका नाण्याने भाषेला इतके शब्द द्यावेत, यातच त्याची पत दिसून येते.

नवा राजा, नवी मुद्रा

6 मे 1910 रोजी सातवे एडवर्ड निवर्तले आणि पाचवे जॉर्ज गादीवर आले. नव्या राजाची मुद्रा घडविण्याचे काम बर्ट्रम मॅकेनल या ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या शिल्पकाराकडे गेले. त्याने राजाची डावीकडे पाहणारी, मुकुटधारी, राजवस्त्रांकित अर्धप्रतिमा कोरली. दुसऱ्या बाजूस कमळासह गुलाब, थिसल आणि शॅमरॉक यांची वेलबुट्टी आली. ही शेवटची तिन्ही चिन्हे अनुक्रमे इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंड यांची. मधोमध मूल्य, देशाचे नाव आणि वर्ष इंग्रजीत, तर ‘यक रुपया’ हे शब्द फारसी लिपीत.

राजाच्या वस्त्रांवर हिंदुस्थानशी संबंधित मानचिन्हातील एक चिमुकला हत्ती होता. गजराज हे या देशाच्या वैभवाचे प्रतीक, तेव्हा हेतू गौरवाचाच होता. परंतु तीळभर जागेत कोरलेल्या त्या हत्तीची सोंड आखूड उतरली. नाणी लोकांच्या हाती पडली तेव्हा अनेकांना तो हत्ती हत्ती न दिसता डुक्कर दिसू लागला.

डुक्कर इस्लाममध्ये निषिद्ध. ज्या नाण्याने मजुरी मिळते, मेहेर ठरतो, दानधर्म होतो, त्याच नाण्यावर असे चित्र असल्याची वार्ता पसरताच मुस्लिम समाजात तीव्र नाराजी उमटली. काडतुसांना गाईची आणि डुकराची चरबी लावल्याच्या वार्तेने 1857 मध्ये काय घडले, याची आठवण त्या वेळी पुरती विझलेली नव्हती. नाणे केवळ धातूवर चालत नाही, ते घेणाऱ्याच्या विश्वासावर चालते. तो विश्वास तडकला की चांदीचा कसही कामास येत नाही.

मुंबई आणि कलकत्ता या दोन्ही टांकसाळींत मिळून त्या वर्षी सुमारे 94 लाख रुपये पाडले गेले होते. त्यांपैकी सुमारे 7 लाखच बाहेर पडले. उरलेले पुन्हा भट्टीत गेले. 1912 च्या रुपयावर हत्तीची सोंड लांब करण्यात आली आणि वाद निमाला. संग्राहकांनी मात्र 1911 च्या नाण्याला ‘पिग रुपी’ हे नाव कायमचे चिकटवले.

ओळख आणि मोल

हे नाणे ओळखणे अवघड नाही. पाचव्या जॉर्जचा चेहरा आणि 1911 हे साल, एवढे पुरे. खालच्या कमळाजवळ बारीक उठावदार ठिपका असेल तर नाणे मुंबईचे; नसेल तर कलकत्त्याचे. व्यास साडेतीस मिलिमीटरच्या आसपास, कड दातेरी. लोहचुंबक त्याला ओढत नाही. वजनात लक्षणीय तफावत, पुसट अक्षरे किंवा कडेवर ओतकामाची रेघ आढळली, तर नाणे बनावट असण्याची शंका घ्यावी. सणासुदीला सराफांकडे मिळणारी राजा-राणी छाप चांदीची पदके दिसायला तशीच असली, तरी ती नाणी नव्हेत.

वितळविल्यास या रुपयातून सुमारे 10.69 ग्रॅम शुद्ध चांदी मिळेल. संग्राहक त्याहून बरेच अधिक देतो, पण ते नाण्याच्या स्थितीवर अवलंबून असते. मुकुटाचे बारकावे आणि हत्तीची रेघ स्पष्ट असेल तर मोल चढते. झिजले असेल, माळेत ओवण्यासाठी कडी डागलेली असेल तर उतरते. सर्वांत मोठे नुकसान मात्र भक्तिभावाने होते. पूजेपूर्वी चिंच, राख वा पावडर लावून रुपया घासला जातो, आणि शंभर वर्षांत चढलेली सावळी झाक व बारीक नक्षी एका सकाळी निघून जाते. पूजेला कोरड्या मऊ कापडाने पुसलेले नाणेही तितकेच पवित्र असते.

सावधानता

जुन्या नाण्याला लाखो रुपये मिळवून देतो, अशी जाहिरात पाहून अनेकांनी ‘नोंदणी शुल्क’ भरले आणि ते गमावले. अशा व्यवहारांशी आपला संबंध नाही आणि त्यासाठी आपण कोणतेही शुल्क वा दलाली मागत नाही, असा इशारा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये दिला होता. विकायचे असल्यास प्रतिष्ठित लिलावगृह वा जाणकार नाणकतज्ज्ञ गाठावा. आधी पैसे मागणाऱ्यास नम्र नकार द्यावा. शिवाय 1911 चा रुपया आता शंभरी ओलांडून गेला आहे. 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावशेष ठरते आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठविता येत नाही. परदेशी स्थायिक झालेल्या लेकीला आजीची आठवण म्हणून ते धाडण्यापूर्वी हे ध्यानात ठेवावे.

पेरुंगुडीत राहणाऱ्यांना एग्मोरच्या शासकीय संग्रहालयातील नाणकसंग्रह पाहता येईल. चोल, विजयनगर आणि कंपनी यांच्या राजवटी ज्या भूमीवर नांदल्या, तिथे नाण्यांचा इतिहास मुलांना दाखविण्यास याहून चांगली जागा कोणती!

पुढे 1940 मध्ये रुपयातील चांदी निम्म्यावर आली आणि 1947 मध्ये ती नाहीशी होऊन निकेल आले. आज चलन म्हणून त्या जुन्या रुपयाला स्थान नाही. तरीही लॉकरमधील ती डबी येत्या दिवाळीत उघडाल, तेव्हा एक भिंग जवळ ठेवा. राजाच्या वस्त्रांवरील तो आखूड सोंडेचा हत्ती दिसला, तर समजा की 94 लाखांतून भट्टी चुकवून आलेला एक रुपया तुमच्या घरी मुक्कामाला आहे. विकायचा की ठेवायचा, हा निर्णय तुमचा. वितळवू मात्र नका.