घाटात तापतं ते तेल

लेखमाला : चाकांवरचं घर – लेखांक ६

नागपूरहून हैदराबादकडे जाताना पिंपळखुटीच्या पुढे पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद जिल्हा लागतो. राष्ट्रीय महामार्ग ४४ चौपदरी आहे. ऑटोमॅटिक गाडीला तिथे काही त्रास नसतो. तिची परीक्षा सुरू होते ती गुडीहत्नूरला महामार्ग सोडून इंद्रवेल्ली-उटनूरच्या रस्त्याला लागल्यावर. पुढे जैनूर आणि मग आसिफाबाद जिल्ह्यातला केरामेरी घाट. सातमाळ्याचे हे डोंगर उंचीत सह्याद्रीची बरोबरी करत नाहीत. पण वळणं आवळलेली, रस्ता अरुंद आणि हंगामात पुढे कापसानं शिगोशीग भरलेला ट्रॅक्टर. त्याच्या मागे गाडी पंधरा-वीसच्या वर सरकत नाही. गिअरबॉक्सला डोंगराची उंची बाधत नाही, हा वेग बाधतो.

मागच्या लेखांकात उतारावर तापणाऱ्या ब्रेकचं पाहिलं. या आठवड्यात चढ, आणि चढावर गुपचूप तापणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. गुपचूप अशासाठी, की इंजिन तापलं तर डॅशबोर्डवरचा काटा सांगतो. गिअरबॉक्सच्या तेलाला बहुतेक गाड्यांत काटाच नसतो; असतो तो दिवा, आणि तो लागतो तेव्हा उशीर झालेला असतो.

आपल्याकडे कॅम्पर व्हॅन बनते ती मुख्यतः फोर्स ट्रॅव्हलर किंवा टाटा विंगरवर, आणि त्या मॅन्युअल गिअरच्या. पण टोयोटा हायलक्स किंवा इसुझू व्ही-क्रॉससारख्या पिकअपवर घर बसवणारेही आता आहेत आणि त्यांत सहा गिअरचा ऑटोमॅटिक मिळतो. या गिअरबॉक्समध्ये क्लचचं पेडल नसतं. इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. हेरमान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्यानं त्याचं पेटंट १९०५ मध्ये घेतलं ते जहाजांसाठी: वेगानं फिरणाऱ्या वाफेच्या टर्बाइनची ताकद सावकाश फिरणाऱ्या पंख्याला द्यायची होती. मोटारींत तो रुळला नंतर, १९४०च्या दशकात.

आत दोन पंखे समोरासमोर असतात, दोन्ही तेलात बुडालेले. एक इंजिन फिरवतं. तो तेल दुसऱ्यावर फेकतो आणि त्या माऱ्यानं दुसरा फिरतो, त्याच्यापुढे गिअर आणि चाकं. मधला एक लहान पंखा परतणारं तेल वळवून पुन्हा कामाला लावतो, त्यामुळे गाडी उचलताना इंजिनाचा जोर जवळपास दुप्पट होतो. दोन पंख्यांचे फेरे जुळत आले की सगळं ठीक. पण इंजिनाकडचा जोरात आणि चाकांकडचा सावकाश फिरत असला, की मधली तफावत तेल घुसळण्यात जाते आणि घुसळलेलं तेल तापतं. मोकळ्या रस्त्यावर एक लॉक-अप क्लच दोन्ही पंखे एकमेकांना जखडून टाकतो आणि ही घुसळण थांबते. मंद चढावर तो लागतच नाही.

ढोबळ हिशेब करून पाहू. घर, सामान, माणसं धरून गाडी तीन टनांची. चढ शंभर मीटरला आठ मीटर, वेग ताशी २० किलोमीटर. चाकांपर्यंत साधारण १५-१६ किलोवॉट ताकद पोचायला हवी. गिअर ‘डी’वर आणि पाय हलका असला, की गिअरबॉक्स वर सरकू पाहतो. समजा तो तिसऱ्यात रेंगाळला. इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेतं, पलीकडचा पंखा जेमतेम ८००. एवढ्या तफावतीत चौथा हिस्सा ताकद वाया जाते, म्हणजे पाच किलोवॉटच्या आसपास. घरचा गिझर दोन किलोवॉटचा असतो. असे अडीच गिझर आठ-नऊ लिटर तेलात सोडल्यासारखं झालं.

तीच गाडी, तोच चढ, तोच वेग, पण गिअर पहिला. आता पलीकडचा पंखा १९०० ते २००० फेरे घेतो आणि इंजिन २२००च्या आत-बाहेर. तफावत उरली किरकोळ, आणि उष्णता दीड किलोवॉटच्या घरात आली. शिवाय तेलाचा पंप इंजिनावर चालतो. फेरे वाढले की कूलरकडे तेलही जास्त जातं. रेडिएटरचा पंखा इंजिनानं फिरणारा असेल तर तोही जोमानं ओढतो.

नेमकं इथेच बहुतेकांचं चुकतं. इंजिनाचा आवाज चढला की जीव कासावीस होतो. गाडीला त्रास नको म्हणून आपण रेस कमी करतो, गिअर वर जाऊ देतो. आवाज बसतो, आपल्याला बरं वाटतं आणि खाली तेल तापत राहतं. मंद चढाचा नियम उलटा आहे: इंजिन मोकळेपणी गरजू द्यावं. चढ सुरू होण्याआधीच मॅन्युअल मोडमध्ये जाऊन गिअर पहिला किंवा दुसरा धरून ठेवावा. दुसरा-तिसरा, तिसरा-दुसरा अशी धरसोड त्यानं थांबते. त्या प्रत्येक बदलात आतल्या क्लचपट्ट्या घासतात आणि त्यांची उष्णताही तेलालाच पोचते.

तेल ८० ते ९५ अंशांत असेल तर सुस्थितीत. १२०च्या पुढे ते काळवंडू लागतं, त्याहून वर गेलं की रबरी सील कडक होतात आणि क्लचपट्ट्या घसरू लागतात. एका ठराविक पातळीच्या वर दर दहा अंशांना तेलाचं आयुष्य निम्मं होतं, असा जुना ठोकताळा आहे. ब्लूटूथचा साधा ओबीडी स्कॅनर बऱ्याच गाड्यांत हे तापमान मोबाइलवर दाखवतो. घाटात जाणाऱ्यानं तो घ्यावाच.

तेल गार होतं ते कुठे? काही गाड्यांत रेडिएटरमधल्या पाण्याच्या संगतीत, काहींत पुढच्या जाळीमागे बसवलेल्या वेगळ्या कूलरमध्ये, काहींत दोन्हीकडे. शेवटी उष्णता घ्यायची ती हवेनंच. आदिलाबादला मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, आणि जानेवारीच्या पहाटे तेलंगणातली कडाक्याची थंडीही इथेच पडते. तेल ९५ अंशांवर आणि हवा १५ अंशांवर असेल तर फरक ८०चा. हवा ४५ झाली की तो ५०वर येतो. म्हणजे तोच कूलर मे महिन्याच्या दुपारी जवळपास चाळीस टक्के कमी काम करतो. उन्हाळ्यात घाट पहाटेच उरकावा.

आणखी एक गोष्ट या कापसाच्या मुलखाची. उघड्या ट्रॅक्टरमधून उडालेले कापसाचे तंतू, गवताची कुसळं आणि किडे जाळीतून आत जाऊन एसीच्या कंडेन्सरवर आणि कूलरच्या पात्यांत बसतात. त्यांची पातळ गोधडी तयार होते आणि हवा अडते. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते, म्हणून टॉर्च लावून आत पाहावं. साफ करताना इंजिन गार असू द्यावं, मऊ ब्रश घ्यावा, पाण्याची धार हलकी ठेवावी. वॉशिंगवाल्याच्या जोरदार फवाऱ्यानं पाती दुमडतात.

पौष अमावास्येला केसलापूरला मेसराम कुळाची नागोबा जत्रा भरते. महाराष्ट्रातूनही गोंड बांधव येतात आणि मुत्नूरहून आत जाणाऱ्या रस्त्यावर गाड्या मुंगीच्या पावलानं सरकतात. अशा रांगेत पुढच्या गाडीला चिकटून इंच-इंच सरकू नये. दोन-तीन गाड्यांचं अंतर पडू द्यावं आणि मग एकदम पुढे जावं. थांबा मिनिटभराच्या वर गेला तर ब्रेक धरून ‘एन’मध्ये यावं, पंप चालूच राहतो, घुसळण थांबते. चढावर गाडी रेस देऊन जागच्या जागी तोलून धरणं हा सगळ्यांत वाईट प्रकार. तेव्हा चाक फिरत नाही आणि इंजिनाची सारी ताकद तेल तापवण्यात जाते. ब्रेक त्यासाठीच दिला आहे.

वजनाचंही बघावं. शंभर लिटरची पाण्याची टाकी म्हणजे शंभर किलो. घाट चढताना ती कामापुरतीच भरावी. बाकीचं पाणी उटनूरसारख्या गावात घेता येतं.

तरीही दिवा लागला, करपल्यासारखा वास आला किंवा रेस वाढूनही वेग वाढेना, तर रुंद जागा पाहून थांबावं. आधी ‘एन’, मग हँडब्रेक, पायाचा ब्रेक सोडून गाडीचं वजन हँडब्रेकवर येऊ द्यावं आणि मग ‘पी’. थेट ‘पी’ टाकलं तर तीन टनांचा भार गिअरबॉक्समधल्या एका लहानशा खुंटीवर येतो. चाकांमागे दगड लावावेत, एसी बंद करावा, इंजिन मात्र चालू ठेवावं. बंद केलं की तेलाचं फिरणंही थांबतं. इंजिनाचा काटाही लाल झाला असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा इंजिन बंदच करावं. तापलेल्या कूलरवर पाणी ओतू नये.

तुमची गाडी एएमटी असेल तर ती टॉर्क कन्व्हर्टरची नव्हे. तिथे साधा कोरडा क्लच यंत्र दाबतं, आणि मंद चढावर जळतो तो क्लच. खालचा गिअर धरणं आणि रेसवर गाडी न तोलणं हे दोन नियम तिलाही लागू आहेत.

‘तेल आयुष्यभर बदलावं लागत नाही’ असं विकताना सांगतात. ते हलक्या वापरापुरतं. मालकाच्या पुस्तकात खडतर वापराचं वेगळं वेळापत्रक असतं. घाट, उन्हाळा आणि पाठीवर घर हा खडतर वापरच. तेल त्याच वेळापत्रकानं बदलावं आणि पुस्तकात लिहिलंय त्याच ग्रेडचं घालावं.

पुढच्या लेखांकात : मुक्कामी फ्रिज आणि पंखा चालवणारी दुसरी बॅटरी – ती गाडीच्या अल्टरनेटरवर भरावी की छतावरच्या सोलर पॅनेलवर?