चढताना धाप, उतरल्यावर ठणका

अलिबागजवळ मापगावच्या डोंगरावर कनकेश्वराचं देऊळ आहे. वर जायला सुमारे 700 दगडी पायऱ्या आहेत, आंग्र्यांच्या काळात बांधलेल्या. श्रावणी सोमवारी तिथे रीघ लागते. आता सांगा बघू, एवढ्या पायऱ्या करून आलं की दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात, त्या कशाने? चढल्यामुळे ना?

चूक! बहुतेक सगळा दोष उतरण्याचा.

पटत नाही ना? साहजिक आहे. चढताना धाप लागते, घाम फुटतो, धडधाकट माणसंसुद्धा मध्येच बूड टेकतात. उतरताना मात्र सगळे गप्पा मारत सुटतात. रात्री काही होत नाही. सकाळी अंथरुणातून उठायला जावं तर, आई गं! आणि त्यापुढच्या दिवशी शाळेचा जिना कठडा धरून, खेकड्यासारखं आडवं उतरायची पाळी येते.

एक गंमत करा. पायरीवर उभे राहा, भिंतीला एक हात लावा. दुसरा तळहात मांडीवर पुढच्या बाजूला ठेवा. आता तो पाय तसाच ठेवून दुसरा पाय अगदी सावकाश खालच्या पायरीवर टेकवा. हाताखाली काय लागलं? स्नायू टणक झाला ना? गुडघा वाकतोय म्हणजे हा स्नायू लांब होतोय, पण लांब होता होताच तो तुमचं सगळं वजन रोखूनही धरतोय. त्याने हात वर केले असते तर तुम्ही धपकन आपटला असता. चढताना याच्या उलट होतं. तेव्हा स्नायू आखडतो आणि तुम्हाला वर उचलतो.

आता खरी मेख. आपलं शरीर मोठं काटकसरी आहे. तेवढंच वजन खाली सोडायला ते स्नायूतले कमी तंतू कामाला लावतं. तंतू कमी, म्हणून प्राणवायूही कमी लागतो आणि धाप लागत नाही. 1952 साली लंडनच्या रॉयल सोसायटीत शास्त्रज्ञांनी हे मजेशीर रीतीने दाखवलं. दोन सायकली पाठीला पाठ लावून एकाच साखळीने जोडल्या. एका सायकलीवरचा तरुण जोर लावून पायडल मारत होता. दुसरीवरची सडपातळ तरुणी उलट्या फिरणाऱ्या पायडलना फक्त विरोध करत होती. थोड्याच वेळात तरुणाचा दम निघाला आणि बाई मजेत! बघणारे खूश झाले म्हणतात. होणारच की.

पण काटकसरीची किंमत मोजावी लागते. थोड्याच तंतूंवर सगळा भार, तोही ते ताणले जात असताना. या तंतूंमध्ये सार्कोमिअर नावाचे बारीक बारीक भाग एकापुढे एक असतात, एका मिलिमीटरमध्ये सुमारे 400. त्यातले काही जास्त ताणले जाऊन विस्कटतात. मग दुरुस्तीला पेशी येतात, थोडी सूज येते, काही रसायनं पाझरतात आणि तिथल्या नसा हळव्या होतात. या सगळ्याला काही तास लागतात. म्हणून दुखणं उशिरा सुरू होतं, एक ते तीन दिवसांत सगळ्यात जास्त जाणवतं आणि मग आपोआप ओसरतं.

‘स्नायूत लॅक्टिक अ‍ॅसिड साठतं म्हणून दुखतं’ असं कुणी मोठं माणूस ठासून सांगेल. ऐकून घ्या, पण लक्षात असू द्या, की ते अ‍ॅसिड तासाभरात निघून जातं. दुसऱ्या दिवसापर्यंत ते कुठलं थांबायला!

मग अंग असं आंबलं की करायचं काय? लोळत पडू नका, हळूहळू चालाफिरा. कोमट पाण्याने अंघोळ करा, नीट झोपा. गोळी मनाने घेऊ नका. आणि एक छान बातमी: दोन-तीन आठवड्यांत तेवढ्याच पायऱ्या पुन्हा उतरलात, तर मांड्या बऱ्याच कमी दुखतील. एका फेरीतच स्नायू शिकून तयार होतो.

खारेपाटातल्या, म्हणजे खाडीकाठच्या भातशेतीच्या पट्ट्यातल्या, आज्यांचं कंबरेचं दुखणं मात्र वेगळं. भाताच्या लावणीत दिवस दिवस चिखलात वाकून, रोपं खोचत मागे मागे सरकायचं. असे कित्येक पावसाळे गेले, की स्नायूंबरोबर मणके आणि सांधेही कुरकुरायला लागतात. तुम्ही शेतावर गेलात तर हातातली रोपांची मूठ संपली, की आजीला उभं राहून पाठ सरळ करायला लावा. ती ‘काम पडलंय’ म्हणेल, पण सोडू नका.

मुलांनाही कधी कधी रात्री दोन्ही पाय दुखतात आणि सकाळी काहीच नसतं. वाढत्या वयात असं पुष्कळांना होतं, पाय हलक्या हाताने चोळले की बरं वाटतं. पण दुखणं एकाच पायात असेल, सांधा सुजला किंवा लाल झाला असेल, हाडावर एका जागी बोट लावताच कळ येत असेल, पाय टेकवत नसेल, सोबत ताप असेल किंवा लघवी काळ्या चहासारखी होत असेल, तर ते पायऱ्यांचं साधं दुखणं नव्हे. ‘ओरडा बसेल’ म्हणून लपवू नका. त्याच दिवशी घरी सांगा आणि डॉक्टरांना दाखवा.