फुफ्फुस, हवा आणि लोहचुंबक

वाचकहो, घरातल्या माणसाला दम लागतो, खोकला हटत नाही, रात्री छातीत घरघर होते, मग घरात विचार सुरू होतो : "आता साधंसुधं काही नको. नांदेडला नाहीतर लातूरला नेऊन एकदा एमआरआयच काढून टाकू." त्यासाठी कोणी उसनवारी करतो, कोणी दारची शेळी बाजारात नेतो. यामागची माया खरी आहे. पण यंत्र जितके मोठे तितका आजार जास्त दिसणार, ही समजूत खरी नाही. आणि फुफ्फुसाच्या बाबतीत तर ती पुष्कळदा उलटीच पडते. ती कशी, ते आज पाहू. मी डॉक्टर नव्हे, महाविद्यालयात शिकवणारा माणूस आहे. तेव्हा औषध सांगणार नाही, यंत्राची रीत तेवढी सांगेन.

आपल्या शरीराच्या वजनात निम्म्याहून अधिक पाणी असते. पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू असतात, आणि हायड्रोजनच्या अणूचे केंद्र हे एका अतिसूक्ष्म लोहचुंबकासारखे वागते. एमआरआय यंत्र मुख्यतः या हायड्रोजनचाच माग काढते. म्हणजे थोडक्यात, ते शरीरातले पाणी आणि चरबी पाहते म्हणा ना.

शिक्षक बंधुभगिनींनी वर्गात एक प्रयोग करून दाखवावा. टेबलावर होकायंत्र ठेवा आणि सुई स्थिर होऊ द्या. डबीला हलकेच टिचकी मारा. सुई हेलकावे घेते आणि थांबते. आता शेजारी लोहचुंबक आणून पुन्हा टिचकी मारा. हेलकावे अधिक भरभर होतात. चुंबक जेवढा जोरदार, तेवढी डोलण्याची गती जास्त. हायड्रोजनच्या केंद्रांचेही असेच आहे. नेहमीच्या एमआरआय यंत्राचा चुंबक १.५ टेस्लाचा असतो, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीस हजार पटींहून अधिक. त्यात ही केंद्रे सेकंदाला सुमारे ६ कोटी ४० लाख वेळा डोलतात. त्याच गतीच्या रेडिओलहरींनी त्यांना टिचकी मारायची आणि ती जे उत्तर परत धाडतात ते ऐकायचे. रेडिओ लावणाऱ्यांना हे समजणे सोपे आहे : ६४ मेगाहर्ट्झ ही जागा आपल्या एफएम केंद्रांच्या थोडी अलीकडेच येते. एवंच, एमआरआय हा एका परीने शरीराला लावलेला रेडिओसंचच होय.

हा शोध एका दिवसात लागला नाही. १९४६ साली अमेरिकेत ब्लॉख आणि पर्सेल यांनी स्वतंत्रपणे पदार्थातील हे डोलणे टिपले. १९५२ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही १९५० च्या दशकातच या विषयावर काम सुरू झाले. पुढे १९७३ साली लॉटरबर यांनी युक्ती काढली : चुंबकाचा जोर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे थोडा थोडा वाढवत न्यायचा. मग डोलण्याच्या गतीवरून उत्तर कोणत्या जागेहून आले ते कळते, आणि चित्र काढता येते. लॉटरबर आणि इंग्लंडचे मॅन्सफील्ड यांना त्यासाठी २००३ चे नोबेल मिळाले.

आता फुफ्फुसाकडे वळू. फुफ्फुस म्हणजे कोट्यवधी वायुकोशांचा स्पंज. त्यात हवा पुष्कळ, पाणी थोडे; म्हणून उत्तर देणारेच कमी. दुसरी अडचण अशी की, हवा आणि मांस जेथे भेटतात तेथे चुंबकत्व जागोजागी किंचित बदलते. भजनात सगळे टाळकरी एका ठेक्यात असले की आवाज वेशीपर्यंत जातो. प्रत्येकाने आपापला ठेका धरला की नुसता गलका होतो. फुफ्फुसातल्या केंद्रांचा ठेका सेकंदाच्या एक-दोन सहस्रांश काळातच सुटतो आणि आवाज विरून जातो. तिसरी अडचण म्हणजे श्वास आणि हृदयाची धडधड. हलत्या माणसाचा फोटो पुसट यायचाच. म्हणूनच मेंदू आणि मणका सुरेख दाखवणाऱ्या या यंत्राला निरोगी फुफ्फुस बहुतेक काळेच दिसते.

गंमत पाहा, यावर एक उपाय निघाला तो चुंबक कमी जोराचा करण्याचा. सुमारे अर्ध्या टेस्लाच्या यंत्रात ठेका उशिरा सुटतो आणि फुफ्फुस अधिक बरे दिसते. मोठे ते चांगले, हे येथेही खरे ठरले नाही.

मग खोकल्याला पहिली तपासणी कोणती? दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, घटते वजन, बेडक्यातून रक्त, यांपैकी काही असेल तर आधी बेडका तपासावा आणि छातीचा साधा फोटो काढावा. क्षयाचा जंतू बेडक्यात सापडतो. आजचे जनुकीय यंत्र काही तासांत जंतू सांगते आणि मुख्य औषध त्याला लागू पडेल की नाही तेही सांगते. सरकारी दवाखान्यात ही तपासणी आणि क्षयाची औषधे मोफत आहेत. एमआरआयसाठी पैसे जमवण्यात महिना गेला, तर तेवढ्या काळात घरातल्या लेकराबाळांना लागण होऊ शकते. हा तोटा पैशाच्या तोट्याहून मोठा.

चुलीचा धूर, विडी, डाळमिलचा भुस्सा, जिनिंगमधली कापसाची धूळ यांनी आलेला जुनाट दमा जोराने फुंकण्याच्या श्वासचाचणीत उमगतो. फुफ्फुसाची बारीक वीण पाहायची तर सी. टी. स्कॅन सरस. मात्र त्यात क्ष-किरण साध्या फोटोच्या अनेक पटींनी लागतात.

एमआरआयचे काम कोठे? गाठ छातीच्या भिंतीत किंवा मणक्यात शिरली आहे का, हे पाहायला ते चांगले. पाण्याने भरलेली गाठ त्यात ठळक दिसते. ज्या लहान मुलाची तपासणी वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा करावी लागते, त्याचा क्ष-किरणांपासून बचाव होतो. अशा वेळी नांदेड-लातूरच्या वैद्यकीय महाविद्यालयांतील डॉक्टरांनी सांगितले, तर अवश्य काढावे.

आणि जेथे पाणीच नाही तेथे दुसऱ्याच कोणाला बोलते केले तर? शास्त्रज्ञांनी झेनॉन नावाचा वायू लेसरच्या प्रकाशाने तयार केला. रोगी तो छातीत घेऊन काही सेकंद श्वास रोखतो, आणि हवा कोठे पोचली, कोठे नाही, ते चित्रात उमटते. कोरोनानंतर ज्यांचा दम जात नव्हता, पण सी. टी. स्कॅन ठीक होता, अशा काही रुग्णांच्या फुफ्फुसातून रक्तात वायू नीट जात नाही, हे इंग्लंडमध्ये २०२१ साली या रीतीने दिसले. अमेरिकेने डिसेंबर २०२२ मध्ये या वायूला मान्यता दिली. पण ही सोय अजून जगात मोजक्याच ठिकाणी आहे.

शेवटी एक सावधगिरी, बरं का. यंत्र थांबलेले दिसले, अगदी वीज गेली, तरी त्याचा चुंबक चालूच असतो. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईत एका रुग्णालयात नातेवाईक प्राणवायूचे लोखंडी नळकांडे घेऊन त्या खोलीत गेला. चुंबकाने ते खेचले आणि त्याचा जीव गेला. दम्याच्या रोग्याबरोबर नळकांडे असू शकते, म्हणून हे सांगतो. अडकित्ता, चाव्या, केसातल्या पिना, दागिने बाहेर ठेवा. शरीरात पेसमेकर किंवा छर्रा असेल तर आधी सांगा.

तात्पर्य, दवाखान्यात गेल्यावर "सगळ्यात मोठं मशीन कोणतं?" असे विचारू नका. "डॉक्टरसाहेब, या तपासणीतून काय कळेल, आणि त्यानं उपचार बदलेल का?" असे विचारा. हा प्रश्न विचारायला पैसा लागत नाही, आणि तो विचारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे.