झाड, गाव आणि उद्योग : प्रतीक्षेचा भार कोणी उचलावा?

आजोबांनी लावलेल्या झाडाची फळे नातवंडांनी चाखावीत, असे आपण कौतुकाने म्हणतो. या म्हणण्यात कृतज्ञता आहे, तशी एक अडचणही दडलेली आहे. ज्याच्या घरी सायंकाळच्या भाकरीची विवंचना आहे, त्याने झाड वाढेपर्यंत थांबावे कसे? ग्रामीण वनीकरणाचे यशापयश बव्हंशी या एका प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते.

१९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने या प्रश्नाला नवे वळण दिले. नैसर्गिक वने लागवडीसाठी उद्योगांच्या स्वाधीन करू नयेत, असे तिने स्पष्ट केले. कारखान्यांनी आपला कच्चा माल शेतकऱ्यांशी थेट नाते जोडून निर्माण करावा आणि त्यासाठी पतपुरवठा, तांत्रिक सल्ला, तोडणी व वाहतूक यांचे साहाय्य द्यावे, अशी अपेक्षा तिने व्यक्त केली. वननीतीसारख्या दस्तऐवजात पतपुरवठ्याचा उल्लेख यावा, ही बाब बँकिंग क्षेत्रातील आपणा सर्वांसाठी लक्षणीय आहे.

तराईतील पॉप्लर

अशा नात्याचा एक प्रयोग या नीतीच्या आधीच सुरू झाला होता. आगपेट्या बनविणाऱ्या विम्को कंपनीने १९८४ मध्ये नाबार्डच्या साहाय्याने उत्तर भारतात पॉप्लर लागवडीची योजना हाती घेतली. रोपे व मार्गदर्शन कंपनीचे, कर्ज बँकेचे, जमीन व श्रम शेतकऱ्याचे. आणि सुमारे आठ वर्षांनी ठरावीक घेराचे झाड विकत घेण्याची हमी पुन्हा कंपनीची. पॉप्लरची पाने हिवाळ्यात गळतात. त्यामुळे ओळींमधील गव्हाला ऊन मिळते आणि झाड वाढत असतानाही शेत रिकामे राहत नाही. तराईतील उत्तर प्रदेश, पंजाब व हरियाणात ही लागवड रुजली आणि यमुनानगरच्या प्लायवूड उद्योगाला तिचा मोठा आधार मिळाला.

तथापि या यशाला दोन मर्यादा होत्या. ओलिताची जमीन असलेल्या शेतकऱ्यालाच ही योजना प्रामुख्याने पेलवली. पुढे २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत बाजारात लाकूड मुबलक आले, भाव कोसळले आणि अनेकांनी लागवडीकडे पाठ फिरविली. प्रतीक्षेचा भार वाटला गेला होता. भावाच्या चढउताराचा भार मात्र शेवटी उत्पादकावरच पडला.

भद्राचलमचा परिसर

गोदावरीकाठी भद्राचलमजवळील सारपाका येथे आयटीसीचा कागद कारखाना आहे. हा भाग आज तेलंगणातील भद्राद्री कोठागुडम जिल्ह्यात येतो. अधिक उत्पादन देणाऱ्या निलगिरीच्या निवडक झाडांपासून कलमी रोपे तयार करण्याचे काम येथे झाले आणि ती शेतकऱ्यांना पुरविण्यात आली. मात्र रोपे विकत घेण्याची ऐपत नसलेल्या आदिवासी व अल्पभूधारकांचे काय?

त्यांच्यासाठी २००१ पासून सामाजिक वनीकरणाचा कार्यक्रम राबविण्यात आला. पडीक जमिनीचे मालक गावपातळीवर संघ स्थापन करतात, लागवडीसाठी त्यांना कर्जरूपाने साहाय्य मिळते आणि तोडणीनंतर परत आलेली रक्कम गावाच्या निधीत जमा होते. त्या निधीतून पुढील शेतकऱ्याची लागवड उभी राहते. एकाची परतफेड दुसऱ्याचे भांडवल ठरते. तोडलेल्या निलगिरीच्या बुंध्यातून पुन्हा धुमारे फुटतात. त्यामुळे दुसऱ्या फेरीचा खर्चही कमी होतो.

मेंढा (लेखा) : मालकीचा प्रश्न

वरील दोन्ही उदाहरणांत जमीन शेतकऱ्याच्या स्वतःच्या मालकीची होती. परंतु गावाभोवतीचे सामायिक जंगल असेल तर? गडचिरोली जिल्ह्यातील बांबू अनेक दशके दीर्घ मुदतीच्या कराराने कागद गिरणीला दिला जात असे. जंगलालगत राहणाऱ्या ग्रामस्थाच्या वाट्याला त्यातून केवळ तोडणीची मजुरी येई.

२००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूची गणना गौण वनोपजात केली. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू बाहेर नेण्याचा वाहतूक परवाना वनखात्याच्याच हाती होता. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेकडे सुपूर्द झाले, तेव्हा त्या हक्काला व्यवहारात अर्थ प्राप्त झाला. कालचा मजूर विक्रेता झाला. खरेदीदार पूर्वीप्रमाणे खासगी क्षेत्रातीलच. परंतु आता भाव कोणाचा स्वीकारायचा आणि तोड किती करायची, याचा निर्णय ग्रामसभा घेऊ लागली.

बँकांचे कर्तव्य

या तीन अनुभवांतून एक सूत्र हाती येते. उद्योगाला माल हवा असतो आणि गावाला उपजीविका. त्यांची भागीदारी टिकायची, तर प्रतीक्षेच्या काळाची सोय, भावाची काही शाश्वती आणि मालकीची स्पष्टता या तिन्ही गोष्टी करारात असाव्या लागतात. त्यांपैकी एखादी जरी निसटली, तरी झाडे वाढतात. पण त्यांचा लाभ लावणाऱ्याच्या घरी पोहोचत नाही.

बँकेचा वाटा येथेच सुरू होतो. वृक्षलागवडीच्या कर्जाचा हप्ता वार्षिक पिकाप्रमाणे बांधला, तर कर्जदाराला कोवळे झाड तोडावे लागेल. परतफेडीचे वेळापत्रक झाडाच्या वाढीशी जुळविणे, कर्ज देण्यापूर्वी खरेदीचा करार बारकाईने वाचणे आणि ग्रामसभेचे खाते उघडण्यास आलेल्या प्रतिनिधींना ताटकळत न ठेवता कागदपत्रे समजावून देणे, ही कामे वरकरणी लहान आहेत. परंतु कोणत्याही शाखेत ती करता येण्याजोगी आहेत.

नातवंडांनी फळे अवश्य चाखावीत. मात्र झाड लावणाऱ्या आजोबांनाही त्यांच्या हयातीत सावली मिळाली पाहिजे. ती वेळेवर मिळण्यास आपल्या एखाद्या कर्जप्रकरणाचा हातभार लागला, तर बँकेच्या सेवेचे याहून अधिक सार्थक ते कोणते?