वियोगापूर्वीचा शोक आणि वैद्याचे कर्तव्य

चिकित्सालयात आपण रुग्णाची नाडी पाहतो. परंतु त्याच्यामागे उभ्या असलेल्या नातेवाइकाच्या चेहऱ्याकडे पाहावयास आपणांस सहसा सवड नसते.

काही वर्षांपूर्वी यकृताच्या कर्करोगाने ग्रस्त असे एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे येत असत. व्याधी हाताबाहेर गेल्याचे रुग्णालयाने आधीच सांगितले होते. पहिल्याच भेटीत मुलाने मला बाहेर बोलावून ‘बाबांना काही कळू देऊ नका’ असे विनविले. मी होकार दिला आणि पुढील दोन महिने दर भेटीत ‘भूक सुधारली की बरे वाटेल’ असे म्हणत राहिलो. गुरुजी गेले. महिन्याभराने त्यांच्या पत्नी उरलेली औषधे परत घेऊन आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, ‘‘डॉक्टर, ह्यांना सगळं कळलं होतं. मलाही कळलं होतं. पण घरात कुणी बोलायचं नाही असं ठरलेलं, म्हणून आम्ही दोघंही गप्प राहिलो.’’ त्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. म्हणूनच ते अद्याप विसरता आलेले नाही.

शोकाचा आरंभ

शोक मृत्यूनंतर सुरू होतो, ही आपली समजूत अपुरी आहे. १९४४ साली एरिक लिंडेमान या अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञाने युद्धावर गेलेल्या सैनिकांच्या कुटुंबीयांचे उदाहरण देऊन, वियोगाच्या नुसत्या शक्यतेनेही शोक जागा होतो, हे दाखवून दिले. निद्रानाश, अरुची, क्षुल्लक कारणावरून चिडणे, ‘आधीच तपासणी केली असती तर’ अशी रुखरुख, ही लक्षणे रुग्णाच्या घरात आपण नित्य पाहतो. ‘आता सुटका व्हावी’ असा विचार मनात येणे आणि त्याबद्दल स्वतःलाच अपराधी समजणे, हेही त्यांपैकीच एक होय. हा विचार स्वाभाविक आहे, त्यात प्रेमाचा अभाव नाही, एवढे वैद्याने सांगितले तरी शुश्रूषा करणाऱ्याच्या मनावरील मोठे ओझे उतरते.

आपल्या शास्त्राला हे अपरिचित नाही. चरकाचार्यांनी शोकज ज्वर आणि शोकज अतिसार वर्णिले आहेत आणि शोकज अतिसारात वातहर उपचारांबरोबर हर्षण व आश्वासनही सांगितले आहे. म्हणजे धीर देणे हा तेथे शिष्टाचार नसून चिकित्सेचाच भाग आहे.

‘उपेक्षा’ या शब्दाचा अर्थ

असाध्य व्याधीची चिकित्सा हाती घेणाऱ्या वैद्याच्या अर्थाची, विद्येची आणि यशाची हानी होते, असा इशारा सूत्रस्थानाच्या दहाव्या अध्यायात आहे. त्याच्या आधारे ‘आता घरी न्या’ असे सांगून आपण मोकळे होतो. परंतु लगतच्या नवव्या अध्यायातील चतुर्विध वैद्यवृत्तीत मैत्री, आर्तांविषयी कारुण्य व साध्य रुग्णांविषयी प्रीती यांच्या जोडीने, मरणोन्मुख रुग्णांविषयी ‘उपेक्षा’ सांगितली आहे. मराठीत या शब्दाला दुर्लक्षाचा अर्थ चिकटला असला, तरी मूळ धातू ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणे आणि ‘उप’ म्हणजे जवळ. रोग हटविण्याचा अट्टहास सोडावा, परंतु दृष्टी काढून घेऊ नये, असा बोध यातून घेणे मला उचित वाटते. असाध्य असतो तो व्याधी. वेदना, मुखशोष, मलावरोध, भीती आणि एकाकीपणा यांवर उपाय असतात.

सांगावे की न सांगावे?

अरिष्टलक्षणे दिसत असली तरी वैद्याने न विचारता मरणाचे भाकीत करू नये आणि विचारले तरी जेथे रुग्णाला वा अन्य कोणाला उपघात होईल तेथे सांगू नये, असे इंद्रियस्थानाच्या अखेरच्या अध्यायात म्हटले आहे. येथे निकष उपघाताचा आहे. मौनानेच उपघात होत असेल तर काय, हा प्रश्न गुरुजींच्या बाबतीत मी स्वतःला विचारलाच नाही. आता मी रुग्णाला प्रथम विचारतो, ‘‘आजाराविषयी तुम्हांला काय वाटते? किती जाणून घेणे आवडेल?’’ नातेवाइकांना स्पष्ट सांगतो, ‘‘मी आपण होऊन काही बोलणार नाही, पण त्यांनी विचारले तर खोटेही बोलणार नाही.’’ बहुतेक वेळा रुग्णाला आपल्या अंदाजापेक्षा अधिक ठाऊक असते.

घरी गेल्यावर

अखेरच्या दिवसांत आहार घटतो, तो अग्नी मंदावल्यामुळे. ‘खात नाही म्हणून खंगतो’ असे मानून घास कोंबल्यास अन्न श्वासमार्गात जाण्याचा धोका असतो. हे समजावून सांगावे आणि ओल्या कापसाने ओठ व तोंड ओलसर ठेवण्याचे काम घरच्यांच्या हाती द्यावे. प्रेमाला काहीतरी करावयास हवे असते.

मॉर्फिनविषयी भय निर्माण करू नये. तज्ज्ञाने ठरविलेल्या मात्रेत ते आयुष्य तोडत नाही, वेदना शमविते. त्याने होणाऱ्या मलावरोधाची काळजी घ्यावी, मात्र आंत्रावरोध नाही याची खात्री झाल्याविना रेचन देऊ नये. मुंबईचे शांती आवेदना सदन १९८६ पासून अशा रुग्णांची सेवा करीत आहे. कोझिकोड येथे १९९३ साली सुरू झालेल्या कार्यातून घरोघरी जाऊन शुश्रूषा करण्याची परंपरा केरळात रुजली. आपल्या परिसरातील परिहारक सेवेशी रुग्णाची गाठ लवकर घालून द्यावी.

अखेरचे दिवस घरी की रुग्णालयात, कोणाला बोलवावे, कोणती इच्छा अपुरी आहे, हे विचारण्यास संकोच करू नये. जीवन लांबविणाऱ्या उपचारांबाबत आगाऊ लेखी निर्देश देण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्यता दिली आणि २०२३ साली त्याची पद्धत सोपी केली. घरातील मुलांनाही ‘आजोबा गावाला जाणार’ असे न सांगता त्यांच्या वयाला झेपेल असे सत्य सांगावे.

औषधी विक्रेते बंधूंना विनंती

ही कुटुंबे वैद्याइतकीच आपल्या दुकानातही येतात. कोणी जाहिरातीचे कात्रण घेऊन येतो आणि दागिने मोडून महागडे रसायन मागतो. त्या वेळी ‘गुण येईल’ असे सांगणे सोपे असते. त्याऐवजी ‘एकदा वैद्यांशी बोलून घ्या’ असे म्हणावे आणि घटकाभर बसवून पाणी द्यावे. त्या दिवशीची एक विक्री कमी होईल. परंतु ते घर कर्जातून वाचेल.

गुरुजींच्या घरी मी त्यांच्या पश्चात गेलो नव्हतो. अलीकडे मात्र रुग्ण गेल्यावर पंधरा दिवसांच्या आत एकदा त्याच्या घरी जाण्याचा नियम पाळतो. तेथे सांगण्यासारखे फारसे नसते. बसावे आणि ऐकावे. व्यावसायिक बंधुभगिनींनी आपल्या सोयीनुसार हा नियम करून पाहावा, एवढीच विनंती.