बातमीत कोण गप्प आहे?

पदवीनंतर मुलगी म्हणाली, ‘मला राजकारण आणि मीडियाचं नातं शिकायचंय,’ तर दचकू नका. पुणे विद्यापीठाच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये १९६४ पासून पत्रकारिता शिकवली जाते. पण हा अभ्यास म्हणजे नुसती बातमी लिहिणं नव्हे.

१८९७ मध्ये ‘केसरी’तल्या लिखाणासाठी लोकमान्य टिळकांना राजद्रोहाची शिक्षा झाली. सरकार वर्तमानपत्राला घाबरत होतं. तरीही त्या काळच्या वर्तमानपत्रांत अस्पृश्यांच्या प्रश्नांना पुरेशी जागा नव्हती. म्हणून ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. आंबेडकरांनी ‘मूकनायक’ हे पाक्षिक सुरू केलं. शाहू महाराजांनी त्यासाठी २,५०० रुपये दिले.

आज रात्री टीव्हीवरची चर्चा बघताना मुलांना विचारा: यात कोण बोलतंय, पैसा कोणाचा आहे आणि कोणाला बोलावलंच नाही? अभ्यासाची सुरुवात इथूनच होते.